पॅनेल उघडलं की हात थरथरतो, मी घाबरट झालोय का?

मी समुपदेशक. चाकणकडच्या कारखान्यांतली मेंटेनन्सची पोरं हा प्रश्न मला वरचेवर विचारतात. सरळ कोणी विचारत नाही. आधी झोपेच्या गोळीची चौकशी होते, मग हळूच हे निघतं.

हा इलेक्ट्रिशियन तिशीतला (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत). उत्पादनाची लाइन थांबवायची नाही म्हणून वीज चालू असलेल्या पॅनेलमध्येच कॉन्टॅक्टरचा (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) ढिला स्क्रू आवळत होता. स्क्रूड्रायव्हर निसटून दोन फेजना टेकला आणि डोळ्यांसमोर पांढरा जाळ. मनगटावरचे केस करपले, तेवढ्यावर निभावलं. "वाचलास लेका," म्हणत सगळ्यांनी चहा पाजला. तेव्हापासून पॅनेलचं दार उघडलं की हात थरथरायचा, आणि घरी ट्यूब लागताना लुकलुकली तरी हा दचकायचा. बायको म्हणे, नोकरी सोडा. इनचार्ज म्हणे, मन घट्ट कर.

मला दोन्ही पटेना. "सप्लाय बंद असला तरी थरथरतो?" मी विचारलं.

जरा थांबून तो म्हणाला, "मेन ऑफ करून, कुणी परत चालू करू नये म्हणून माझं स्वतःचं कुलूप लावलं, मीटरनं बघितलं, की नाही थरथरत मॅडम."

मीटरनं कसं बघता ते सांगा म्हटल्यावर गडी खुलला. आधी मीटर चालू पॉइंटवर लावून बघायचं, मग आपल्या टर्मिनलवर फेज-फेज आणि फेज-अर्थ, मग परत चालू पॉइंटवर. कारण मीटरच मेलेलं असेल तर ते शून्यच दाखवणार. मेन ऑफ केला तरी त्याच्या इनकमिंगला, म्हणजे वीज आत येते त्या टोकाला, ४१५ व्होल्ट असतातच. शेजारच्या पॅनेलमधून इंटरलॉकची (दोन यंत्रं एकमेकांशी बांधणारी) वायर येते, तीही जिवंत असू शकते. ड्राइव्हमधले (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रातले) वीज साठवणारे कपॅसिटर सप्लाय तोडल्यावरही काही मिनिटं भरलेले राहतात, किती थांबायचं ते ड्राइव्हवरच छापलेलं असतं. हे सगळं सांगताना हात अगदी स्थिर.

रात्रीचं दचकणं हा त्या जाळाचा मनावर राहिलेला चटका. त्यावर आम्ही काम केलं: श्वास, झोपेची वेळ, आधी बंद पॅनेलपाशी नुसतं उभं राहणं, मग कुलूप लावलेल्या पॅनेलमध्ये हात घालणं. अशी लक्षणं महिन्याहून जास्त टिकली तर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. याला गरज पडली नाही. चालू टर्मिनलपुढे हात आखडतो, ते मात्र मी घालवणार नव्हते. उघड्या बसबारपुढे (वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांपुढे) माणसाला निर्धास्त करणं हे समुपदेशन नव्हे, मग कंपनी कितीही म्हणो.

फॉल्ट शोधताना व्होल्टेज मोजायला सप्लाय लागतो, हे त्यानंच मला समजावलं. तेव्हा इतक्या विजेला टिकेल अशा कॅटेगरीचं मीटर, हातमोजे, फेसशील्ड आणि कुठला ब्रेकर पाडायचा हे ठाऊक असलेला जोडीदार हवा. स्क्रू आवळायला किंवा कॉन्टॅक्टर बदलायला सप्लाय लागत नाही.

मग आम्ही इनचार्जशी बोलण्याची तालीम केली. "मी करणार नाही" हे त्याच्या तोंडून निघेना. "सर, मोजणी झाली, स्क्रू ढिला आहे, वीस मिनिटं लाइन बंद करून द्या" हे निघालं. दिवसपाळीत आता वेळ मिळतो. रात्रपाळीला कुलपांच्या कपाटाची चावी स्टोअरवाल्याकडे असते आणि तो सहाला घरी जातो. त्याबद्दल सेफ्टी ऑफिसरला लेखी द्यायचं ठरलंय, मसुदा तो पुढच्या भेटीत आणणार आहे.