९४ टक्के कचरा ‘रिकव्हर’ झाला, म्हणजे गेला कुठं?

भाऊ, तुमचे प्रश्न दोन. गावालगतच्या केमिकल कंपनीने वार्षिक अहवालात ‘एकूण कचऱ्यापैकी ९४ टक्के रिकव्हर केला’ असं छापलंय आणि ग्रामसभेत तेच वाचून दाखवलं, तर ते खरं मानायचं का? आणि तिथून निघणारे निळे ड्रम गावात लोक पाण्यासाठी घेतात, ते चालतं का? मी नागपूरजवळ बुटीबोरीकडे ईटीपीवर (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) आणि घातक कचऱ्याच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

आकडा बहुधा खराच असेल. पण तो वजनावर काढलेला असतो, आणि खरी गोम तिथं आहे. कंपनीचा स्वतःचा कोळशाचा बॉयलर असेल तर सगळ्यात जड कचरा कोणता? राखड. समजा वर्षाला १०,००० टन कचरा निघाला आणि त्यात ९,००० टन राखड आहे. ती सगळी विटांना आणि सिमेंटला गेली. उरलेला १,००० टन केमिकलचा कचरा. त्यातला ४०० टन कुठंतरी वापरात आला, ६०० टन पुरला किंवा जाळला. एकूण हिशेब ९४ टक्के! आणि तुमच्या विहिरीशी ज्याचा संबंध येऊ शकतो त्या मालाचा हिशेब फक्त ४० टक्के. दोन्ही आकडे खरे. ग्रामसभेत पहिला वाचतात, एवढंच.

म्हणून एकूण टक्केवारी सोडा, घातक कचऱ्याची ओळ वेगळी काढा. शेअर बाजारातल्या बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या, नमुन्यात (बीआरएसआर म्हणतात त्याला) हा तक्ता द्यावाच लागतो: ई-कचरा, बॅटऱ्या, इतर घातक, इतर बिनघातक असं वेगवेगळं, आणि पुढे किती रिसायकल, किती पुनर्वापर, किती ‘इतर रिकव्हरी’, किती जाळला, किती पुरला. पण हा तक्ता अख्ख्या कंपनीचा असतो. गुजरातच्या प्लांटचा आणि तुमच्या गावचा कचरा एकाच आकड्यात. तुमच्या प्लांटचं वेगळं पाहायचं तर प्रदूषण मंडळाकडेच जावं लागतं. तिकडे पुढे येतो.

‘इतर रिकव्हरी’ हा शब्द वाचताना थांबा. त्यात बहुतेक वेळा को-प्रोसेसिंग असतं, म्हणजे सिमेंटच्या भट्टीत जाळणं. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होतं ते खडे, साधारण १,४५० अंशांवर तयार होतं, केमिकलचा उरलेला सेंद्रिय गाळ त्या तापात जळून जातो, त्याची उष्णता कोळशाच्या जागी वापरात येते आणि राख क्लिंकरमध्येच मुरते. साध्या इन्सिनरेटरमध्ये राख मागं उरते, ती पुन्हा पुरावी लागते. माझं विचाराल तर पुरण्यापेक्षा हे कधीही बरं. फक्त ‘रिकव्हर’ ऐकून लोकांना वाटतं की मालातून माल निघाला, तर तसं नाही. तो जळाला. आणि क्लोरीन जास्त असलेला कचरा भट्टीवाले सहसा घेत नाहीत, तो बुटीबोरीच्या सामायिक घातक कचरा केंद्रातच जातो.

खरी रिकव्हरी कारखान्याच्या आतच होते आणि ती या तक्त्यात कित्येकदा दिसतच नाही. टोल्यूइन, मिथेनॉल यांसारखी सॉल्व्हंट (माल विरघळवायची द्रवं) उकळून, वाफ थंड करून परत रिॲक्टरला घेतली की ती कचरा म्हणून मोजलीच जात नाहीत. खाली जो डांबरासारखा गाळ उरतो तो मोजला जातो. चांगला प्लांट ओळखायचा तर दर टन उत्पादनामागे हा गाळ वर्षागणिक कमी होतोय का ते पाहा. (दर रुपया उलाढालीमागे कचरा घटला, असंही छापतात. मालाचा भाव वाढला तरी तो आकडा घटतो!)

उलटंही घडतं. कंपनीने सांडपाणी बाहेर सोडणं बंद करून बाष्पीभवनाचा प्लांट बसवला की त्यातून टनावारी मीठ निघतं, आणि कचऱ्याचा आकडा एकदम फुगतो. आधी जे नाल्यात जायचं ते आता चुंगड्यांत भरलं जातं. आकडा वाढला म्हणून लगेच बोंब मारू नका. हे मीठ आणि ईटीपीचा स्लज (गाळ) शेडखाली, पक्क्या फरशीवर आहे का, हे मात्र पावसाळ्याच्या तोंडाशी नक्की विचारा. फिल्टर प्रेसमध्ये दाबून काढलेला गाळाचा केक हातभर लांबून कोरडा दिसतो, दाबला की पाणी सुटतं. त्यावर पावसाचं पाणी पडलं की ते उताराकडे जाणारच, आणि उतार बहुधा कोणाच्या तरी वावराकडेच असतो.

आता कागद. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार कारखान्याला ३० जूनपर्यंत फॉर्म ४ चं वार्षिक विवरण द्यावं लागतं, आणि १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) नियमांनुसार पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ५, ३० सप्टेंबरपर्यंत. हा घातक कचरा साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त आवारात ठेवता येत नाही. कारखाना चालवायला मंडळ जे संमतीपत्र देतं त्यात कोणता कचरा, किती आणि कुठं द्यायचा हे लिहिलेलं असतं. ते मंडळाच्या वेबसाइटवर मिळतं. फॉर्म ४ आणि ५ माहितीच्या अधिकारात मागा: १० रुपये, ३० दिवस. अर्ज स्वतःच्या नावाने करा, ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर नको, कारण हा हक्क नागरिकाला आहे आणि त्या कारणावरून अर्ज परत येऊ शकतो. हातात आल्यावर आरंभीचा साठा अधिक निर्मिती, वजा बाहेर गेलेला माल, हे शिल्लक साठ्याशी जुळतं का बघा. जुळत नसेल तर मग तुमच्या ग्रामसभेला विचारायला प्रश्न आहे. नुसतं ‘प्रदूषण होतं’ म्हटलं की साहेब लोक चहा पाजून परत पाठवतात.

ड्रमचं उत्तर सरळ आहे: घेऊ नका. केमिकल लागलेला रिकामा ड्रम हा स्वतःच घातक कचरा आहे, २०१६ च्या त्याच नियमांच्या यादीत वर्ग ३३.१. तो अधिकृत ठिकाणी धुऊनच पुढं जायला पाहिजे. पण मे महिन्यात टँकर आला की ड्रमला भाव येतो, आणि भंगारातून ते आठवडी बाजारात पोचतात. लेबल खरवडलेलं असतं, पण चौकोनी धोक्याच्या खुणेचा एखादा कोपरा राहतो. झाकण उघडून आतली रबराची कडी बघा, डाग तिथं सापडतो. प्लास्टिक सॉल्व्हंट शोषून घेतं, त्यामुळे साबणाने घासूनही उन्हात तापला की वास परत येतो. पाणी, दाणे, ढोरांची ढेप, काहीच त्यात ठेवू नका. फवारणीचं औषध कालवायलाही नको. घरात असाच ड्रम असेल तर उरलेल्या लेबलचा आणि बॅच नंबरचा फोटो काढून मंडळाच्या नागपूर, अमरावती किंवा चंद्रपूर यांपैकी जे तुमचं कार्यालय असेल तिथं लेखी द्या आणि पोच घ्या. बॅच नंबर वाचता येत असेल तर ड्रम कोणत्या गेटमधून सुटला ते त्यांना शोधता येतं.