‘ओळख’ की ‘अस्मिता’?

एका आईने विचारलं आहे: अकरावीतली मुलगी म्हणते, ‘इन्स्टावर माझी ओळख वेगळी आहे.’ इथे ‘ओळख’ बरोबर आहे, की ‘अस्मिता’ हवं?

‘अस्मिता’ नको. पतंजलीच्या योगसूत्रांत अस्मिता हा पाच क्लेशांपैकी, म्हणजे मनाला त्रास देणाऱ्या दोषांपैकी, एक आहे, आणि आजच्या मराठीत तो शब्द भाषेच्या, प्रांताच्या अभिमानाला चिकटला आहे. एकट्या मुलीच्या अंगाला तो फार मोठा होतो.

‘ओळख’ मात्र मला अगदी नेमका वाटतो. ‘मी कोण’ आणि ‘मला कोण जाणतं’ या दोन्ही गोष्टी तो एकटा पेलतो. फरक प्रत्ययाने कळतो. ‘तिच्याशी ओळख आहे’ म्हटलं की नातं, ‘चित्रं हीच तिची ओळख’ म्हटलं की ती स्वतः. शिवाय ओळख पटते ती समोरच्याला. म्हणजे दुसरा माणूस या शब्दात आधीपासूनच बसलेला आहे.

मुलांचंही तसंच चालतं. अनेकांची दोन अकाउंट असतात. एक काका-मामांसकट सगळ्यांना दिसणारं, दुसरं मोजक्या मित्रमैत्रिणींचं. या दुसऱ्याला इंग्रजीत ‘फिन्स्टा’ म्हणतात, म्हणजे ‘फेक’ अधिक ‘इन्स्टा’. नावात खोटेपणा आहे, पण रडवेला चेहरा, नापास झालेला पेपर, फसलेली कविता जाते ती तिथेच. २०१८ साली इन्स्टाग्रामने ‘क्लोज फ्रेंड्स’ची यादी आणली, तेव्हा एकाच अकाउंटवर निवडक लोकांपुरती स्टोरी ठेवता येऊ लागली. त्यामुळे ‘वेगळी ओळख’ म्हणणारी मुलगी काही लपवतेच आहे असं समजू नये. ओळख कोणाशी, यावर ती वेगळी होते.

‘ओळख काढणं’ हा वाक्प्रचार तर मला फारच आवडतो. प्रवासात शेजारी बसलेल्याला आपण गाव विचारतो, आडनाव विचारतो आणि कुठूनतरी नातं जुळवतो. मुलं हेच ‘म्युच्युअल’, म्हणजे दोघांच्याही ओळखीचे लोक, बघून करतात. गावाच्या जागी एखादा गेम किंवा आवडता गायक येतो, एवढंच.

आणि मेसेज ‘सीन’ करून उत्तर न देणं? त्यासाठी मराठीत शब्द आहेच: ‘ओळख न दाखवणं’. रस्त्यात समोरून येऊन मान फिरवणाऱ्याबद्दल आपण तेच म्हणतो. मुलीला हा शब्द सांगून बघा, तिला लगेच कळेल.