उलटीची गोळी हेही औषधच असतं

ताई, तिसरा महिना, उलट्या थांबत नाहीत, ऑनडॅनसेट्रॉन (उलटीची गोळी) चालू आहे आणि रात्री ठोका चुकल्यासारखं होतंय, असं तुम्ही लिहिलंय. वाचून माझंच गरोदरपण आठवलं.

या दिवसांत थोडी धडधड होतेच, त्यात शिरत नाही. मी केलेला गाढवपणा सांगते. खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, "आणखी काही औषध चालू आहे?" मी बेधडक "नाही" म्हणाले. खरं तर मलाही ऑनडॅनसेट्रॉनच चालू होतं. ती गोळी पर्समध्ये रुमालाशेजारी पडलेली असायची, तिला औषध म्हणायचं डोक्यातच आलं नाही. त्यांनी ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं. ही दोन्ही औषधं क्यूटी (ईसीजीवर मोजला जाणारा एक कालावधी) लांबवू शकतात, म्हणजे एका ठोक्यानंतर हृदयाला पुढच्यासाठी सज्ज व्हायला जास्त वेळ लागतो. त्यात उलट्यांनी पोटॅशियम उतरलेलं, त्यानेही क्यूटी लांबतो.

तिसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली. ज्या रुग्णालयात गेलो (नाव घेत नाही) तिथे तातडीच्या खिडकीवर म्हणाले, "गरोदर? प्रसूती विभागात जा." प्रसूतीवाले म्हणाले, "धडधड? मग हृदयविभाग, तोही सकाळी." तीन तास चिठ्ठी हातात घेऊन फिरलो! शेवटी एका सिस्टरने ईसीजी काढला, पाच मिनिटांत. क्यूटीसी (ठोक्यांच्या वेगाचा हिशेब धरून काढलेला क्यूटी) ५०० मिलिसेकंदांच्या पुढे, म्हणजे फारच लांबलेला, आणि पोटॅशियम २.८, म्हणजे बरंच कमी. दोन्ही औषधं थांबवली, शिरेतून पोटॅशियम दिलं आणि रात्रभर मॉनिटरला लावून ठेवलं.

मी डॉक्टर नाही. पण माझं स्पष्ट मत: उद्याच ईसीजी आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम मागा, कोणी "टेन्शन घेऊ नका" म्हणालं तरी. चक्कर येऊन पडलात तर उद्याची वाट पाहू नका. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर तेही सांगा. गोळी मात्र मनाने बंद करू नका, उलट्या वाढल्या की पोटॅशियम आणखी घसरतं. गोळीला उगाच बदनामही करत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ मध्ये हृदयाच्या लयीवरून नको म्हटलं ते शिरेतून एकदम ३२ मिलिग्रॅम देण्याला, आणि तो डोस केमोथेरपीतला. आपली गोळी ४ किंवा ८ची.

पुढे दूध वाढवायला कोणी डॉमपेरिडोन सुचवलं, तर तेही क्यूटी लांबवणारंच, तेव्हाही हे सगळं सांगा. आणि ईसीजीचा लगेच फोटो काढा, तो कागद उडतो. माझा आता जवळजवळ कोरा आहे.