चालत्या एटीव्हीचं इंजिन जाम झालं आणि थंड झाल्यावर सुटलं, तर काय तपासायचं?

तुमचा प्रश्न असा: नागावच्या किनाऱ्यावर चालणारी २०० सीसीची एअर-कूल्ड, बेल्टवाली एटीव्ही (वाळूत चालणारी, हँडलवाली चारचाकी). मऊ वाळूत जोर कमी होत गेला, इंजिन बंद पडलं, सेल्फ दाबला की नुसता ‘टक्’. अर्ध्या तासाने गाडी परत सुरू झाली. इंजिन गेलं का?

वर्णनावरून पिस्टन तापून बोअरमध्ये, म्हणजे तो ज्या नळीत वर-खाली होतो तिच्यात, पकडला असावा. पिस्टन ॲल्युमिनियमचा, बोअरचं अस्तर म्हणजे लायनर बहुधा बिडाचा. ६० मिलिमीटरचा पिस्टन १०० अंशांनी तापला की सुमारे ०.१३ मिलिमीटर फुगतो, लायनर तेवढाच तापला तरी ०.०७ च्या आसपास. मधली फट मुळात मिलिमीटरच्या काही शतांश भागांची, त्यात पिस्टन लायनरपेक्षा जास्तच तापतो. थंड झाला की सुटतो, पण बोअरला ओरखडे पाडून. त्यामुळे सुरू झाली म्हणून चालवू नका. आणि कारण कळेपर्यंत बोअर-पिस्टनही मागवू नका.

इंजिन पकडलंय असं वाटायला लावणाऱ्या दोन-तीन गोष्टी आधी बाजूला काढा. बेल्टचं कव्हर उघडा. तुटलेल्या बेल्टचे धागे व्हेरिएटरमागे (क्रँकवरच्या बेल्टच्या पुलीमागे) गुंडाळले तरी क्रँक अडकतो. बॅटरी उतरली असेल तरी सेल्फ ‘टक्’ एवढंच म्हणतो. मग प्लग काढा आणि मॅग्नेटच्या नटाला सॉकेट लावून, नट आवळतो त्या दिशेने इंजिन हाताने फिरवा. प्लगच्या भोकातून पाणी किंवा पेट्रोल उडालं तर सिलेंडर भरला होता, पिस्टनचा दोष नाही. एकाच जागी घासल्यासारखं जड लागलं तर पिस्टन-बोअर. फिरताना खरखर येत असेल तर क्रँकचं बेअरिंग.

ऑइल पातेल्यात काढून मोजा. डिपस्टिकवर विसंबू नका, उतारावर उभी गाडी खोटं माप दाखवते. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा पाव लिटर कमी निघालं तर छोट्या इंजिनात तेवढंच कारण पुरेसं आहे. दुधाळ ऑइल म्हणजे पाणी शिरलंय. चमक दिसली तर लोहचुंबक फिरवा: चिकटलं ते लोखंड-पोलाद, म्हणजे बेअरिंग, रिंगा किंवा लायनर, न चिकटणारी चंदेरी भुकटी बहुधा पिस्टनची.

आता हेडवरचं टॅपेट कव्हर उघडा. ही तपासणी गॅरेजमध्ये बहुतेक वेळा राहून जाते, आणि सगळ्यात जास्त तीच सांगते. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट ऑइल पंपापासून सर्वांत लांब, त्यामुळे ऑइल कमी पडलं की पहिला मार तिथे बसतो. कॅमवर ओरखडे, निळसर झाक, रॉकर खरवडलेले दिसले तर ऑइल पंप, जाळी आणि ऑइलचे मार्ग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. कॅम गुळगुळीत आणि ओला असेल तर संशय उष्णतेवर: फिन्समध्ये बसलेली वाळू-मिठाची पुटं, चोंदलेला ऑइल कूलर, न फिरणारा पंखा, किंवा पेट्रोल कमी आणि हवा जास्त. प्लगचं पोर्सेलिन पांढरंफटक, फोड आल्यासारखं असेल तर हे शेवटचं कारण धरा. कार्ब्युरेटरचा मेन जेट साफ करा आणि कार्ब्युरेटर-हेडमधला रबरी पाइप वाकवून त्याच्या घड्या बघा, भेगा सहसा तिथेच लपतात.

किनाऱ्यावरच्या गाडीसाठी एक खास तपासणी. एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या पाइपात बोट फिरवा. बोटाला कचकच लागली तर वाळू इंजिनात जातेय. फोमचा फिल्टर कोरडा बसवला की बारीक वाळू आरपार जाते, तो फिल्टर ऑइलमध्ये भिजवून, पिळूनच बसवायचा असतो.

कॉम्प्रेशन गेजवर फार विसंबू नका. अनेक एटीव्हींच्या कॅमवर डीकॉम्प्रेसर (सुरू करताना दाब थोडा सोडून देणारा भाग) असतो, त्यामुळे चांगलं इंजिनही कमी आकडा दाखवतं. त्यापेक्षा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन सर्वांत वर आणा आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा. हवा सोडण्याआधी पाना काढून घ्या, क्रँक झटक्यात फिरू शकतो. ऑइल भरण्याच्या भोकातून जोराची फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनलेट.

हेड-बोअर मात्र उघडावंच लागेल. पिस्टनवर फक्त एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे असतील तर अति उष्णता. पिनच्या दोन्ही बाजूंना मिळून चार पट्टे असतील तर थंड इंजिन सुरू करून लगेच जोरात पळवलंय. सगळीकडून खरवडला असेल तर ऑइल नव्हतं. बोअरमधला ओरखडा नखाला अडकला तर बोअरिंग करून ओव्हरसाइज पिस्टन: ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर, जेवढ्यात रेषा निघेल तेवढा. निकासिलचा (बिडाऐवजी निकेलचा कठीण थर दिलेला) बोअर असेल तर लेथवाल्याकडे नेऊ नका, तो थर कातला की संपला. रिंग बोअरमध्ये ठेवून तिचं तोंड, म्हणजे दोन टोकांमधली फट, फिलर गेजने मोजा, ६० च्या बोअरला ०.२५ मिलिमीटरच्या आसपास हवं, नक्की माप मॅन्युअलमधून घ्या. कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवा. जराही खेळ लागला तर हाफ इंजिन (फक्त हेड-बोअर-पिस्टनचं काम) पुरणार नाही, क्रँकही काढावा लागेल.

ऑइलमध्ये धातू निघाला असेल तर क्रँककेस उघडून धुणं आणि ऑइलच्या मार्गांत हवा मारणं आलंच. मेकॅनिकच्या एस्टिमेटमध्ये हे काम नसेल तर नवा पिस्टन बसवण्याआधी त्याला विचारा. तीच भुकटी नव्या बोअरमध्ये फिरायला लागते.