दोन वर्षांच्या मुलीचं नाव अंगणवाडीत घालावं का? त्यासाठी रेशनकार्ड लागतं का?

नाव जरूर घाला. कार्ड लागत नाही. पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंच नाही.

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याची बदली होऊन तालुक्याच्या गावी आलात, शेजारीण म्हणते मुलीचं नाव अंगणवाडीत घाला आणि सासूबाई म्हणतात, ते गोरगरिबांचं, आपण कसं घ्यायचं. सासूबाई अगदीच मनाचं बोलत नाहीयेत. पूर्वी दारिद्र्यरेषा बघितली जायची. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ती अट काढायला लावली. पुढे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, गरोदर बायका आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांचा अंगणवाडीतल्या आहाराचा हक्क लिहूनच ठेवला. तुमच्या मुलीचं नाव घातल्यामुळे दुसऱ्या कुणाचा घास कमी होत नाही, हे त्यांना सांगा.

मी बालविकास प्रकल्पात पर्यवेक्षिका, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणारी होते, आता निवृत्त आहे. थोडी बाजू घेऊन बोलणार, हे धरून चाला.

दोन वर्षांची मुलगी रोज तिथं जाऊन बसणार नाही. गाणी, गोष्टी, ठोकळे आणि ताजा गरम आहार हे तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. तिच्या वयाला घरी न्यायचा आहार मिळतो, त्याला सगळे टीएचआरच (टेक होम रेशन) म्हणतात. वर्षातले ३०० दिवस, रोजची ठरावीक ऊर्जा आणि प्रथिनं पोटात पडावीत असा तो नियमाने असतो. कधी कडधान्य-डाळी येतात, कधी तयार पिठाची पाकिटं. धोरण बदलत राहतं. पाकिटांविषयी खरं सांगायचं तर चव सगळ्या पोरांना आवडत नाही, आणि किती घरी ते पीठ म्हशीच्या आंबोणात जातं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्हाला नको असेल तर आहार घेऊ नका, कुणी जबरदस्ती करत नाही.

पण नाव घालाच. माझ्या लेखी अंगणवाडीतली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे वजनकाटा.

खासगी दवाखान्यात मूल जातं ते ताप आल्यावर. तेव्हाचं वजन आजारातलं, त्यावरून काय कळणार? दर महिन्याला त्याच काट्यावर केलेली नोंद मात्र बोलते. दोन वर्षांच्या मुलीचं मधलं वजन साधारण साडेअकरा किलो धरतात आणि नऊच्या खाली गेलं तर ती कमी वजनाची. तुमची दहा किलोची असेल तर? एका आकड्यावरून मी काहीच म्हणणार नाही. सहा महिन्यांपूर्वी साडेआठ होती आणि आज दहा आहे, तर उत्तम. सहा महिन्यांपूर्वीही दहाच होती, तर मात्र बघायला हवं. माता व बाल संरक्षण कार्डावर तक्ता असतो, त्यात रेघ सलग दोन-तीन महिने आडवी चालली की आम्ही घर गाठायचो. त्यातली बरीच घरं खाऊनपिऊन सुखी असायची. ‘बारीकच आहे अंगाने, बापावर गेलीय’ असं म्हणून सोडून दिलेलं असायचं आणि पोरगी दिवसभर बिस्किटं आणि बाटलीतल्या दुधावर.

मोजताना तुम्ही जवळ उभ्या राहा. चपला, स्वेटर काढा, काटा शून्यावर आहे का बघा. दोन वर्षांच्या आतलं मूल आडवं झोपवून मोजतात, दोन पूर्ण झाली की उभं करून. त्यामुळे या महिन्यात ती पाऊण सेंटीमीटर खुजी भरली तर घाबरू नका, पद्धतीतलाच फरक आहे तो. दंडाचा घेर पट्टीने मोजतील. साडेबारा सेंटीमीटरच्या खाली आला तर लक्ष द्यायचं, साडेअकराच्या खाली आला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र.

दुसरा उपयोग तुमचा स्वतःचा. माहेर लांब, गाव नवं. लसीकरणाला नर्सबाई कधी येतात, आशाताई कोण, रात्री मूल आजारी पडलं तर कुठं न्यायचं, हे अंगणवाडी सेविकेइतकं कुणाला माहीत नसतं. वजनाच्या दिवशी चार आया जमतात, तिथं निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

हे सगळं गरिबांपुरतं वाटतं त्याचं एक कारण त्याच्या उगमात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या शिक्षणतज्ज्ञ बायांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली पोरं बालवाडीत यायची नाहीत, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायचं असायचं, गुरं वळायची असायची. मग शिकवणाऱ्या बायाच पाड्यावर गेल्या आणि अंगणातच पोरं जमवून शिकवू लागल्या. पुढे १९७५ मध्ये केंद्र सरकारने देशात अंगणवाड्यांचे ३३ बालविकास प्रकल्प काढले तेव्हा आपल्याकडे मेळघाटातल्या धारणीपासून सुरुवात झाली. म्हणजे मुळापासूनच काम आदिवासी पाड्यांवरचं. तिथून ते सगळ्यांचं झालं, पण ‘ते गरिबांचं’ हे गावातल्या माडीवाल्यांच्या मनातून अजून गेलेलं नाही.

उणिवाही सांगते. खोली भाड्याची असेल, पंखा नसेल. एक सेविका, एक मदतनीस, आणि सेविकेचा अर्धा दिवस मोबाइलवर माहिती भरण्यात जातो. त्यांना मिळतं ते मानधन, पगार नव्हे. त्यासाठी २०२३ च्या डिसेंबरात राज्यभर संप झाला तेव्हा अंगणवाड्यांना कुलपं लागली होती. एखादी कंटाळलेलीही भेटेल. अशा वेळी पर्यवेक्षिकेचा नंबर मागून घ्या.

जाताना तुमचं आधार, मुलीचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड आणि चालू मोबाइल न्या. मुलीचं आधार नसलं तरी अडत नाही, आईच्या आधारावर नोंद होते. आहार घेणार असाल तर मोबाइलवर तुमचा चेहरा टिपतात, त्याने बिचकू नका. वजनाचा दिवस कुठला ते विचारून ठेवा. आणि पुन्हा बदली झाली तर निघण्याआधी सेविकेला सांगा, पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी अ‍ॅपमधून नोंद नव्या गावच्या अंगणवाडीकडे पाठवता येते. नाहीतर पोरगी जुन्या गावी दिसत राहते आणि नव्या गावी तिची पाटी कोरी.