‘रेकन’ कुठे चालतं, कुठे नाही
इंग्रजीतलं ‘रेकन’ (reckon) म्हणजे ‘वाटणं’, पण मोकळ्या गप्पांतलं. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये ते सर्रास ऐकू येतं. त्याचा एक जुना अर्थ हिशेब करणं, म्हणून त्यात अंदाजाची छटा असते: ‘आय रेकन ही विल बी लेट’. मत विचारताना ‘व्हॉट डू यू रेकन?’ म्हणा. मराठीतल्या ‘कसं वाटतं’मुळे तोंडात ‘हाऊ’ येतं, तिथेच गडबड होते. ‘आय ॲम रेकनिंग’ही नको, मत सांगणारी अशी क्रियापदं सहसा चालू काळात येत नाहीत. नकार ‘रेकन’च्या आधी घालणं जास्त सहज वाटतं: ‘आय डोन्ट रेकन ही विल कम’. ‘रेकन ऑन’ मात्र वेगळं, म्हणजे भरवसा ठेवणं. अर्जात किंवा निबंधात सरळ ‘थिंक’ लिहा.