वाचक विचारतात : पाम स्प्रिंग्जला तीन दिवस, चौदा ठिकाणं आणि सासूबाईंचे गुडघे

प्रश्न : मेमोरिअल डेच्या लाँग वीकेंडला पाम स्प्रिंग्जचं बुकिंग केलंय. शुक्रवारी रात्री पोचू, सोमवारी दुपारी निघू. आम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि नागपूरहून आलेले सासू-सासरे. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे. नवऱ्याने एक्सेल शीट बनवलीय, तीन दिवसांत चौदा ठिकाणं! रोपवेची ट्रॅम, जोशुआ ट्री नॅशनल पार्क, कॅन्यन, सॉल्टन सी, खजुराच्या बागा, नटनट्यांची घरं, सगळंच. सासरे म्हणतात, नागपूरच्या माणसाला ऊन काय दाखवता. जमेल का हे?
— एक वाचक, अर्व्हाइन

उत्तर : ताई, आधी ती शीट बंद करा. सासऱ्यांचं म्हणणं मात्र मला एकदम पटलं, कारण उत्तर त्यातच आहे. नागपूरचा माणूस मे महिन्यात भर दुपारी एक वाजता डोंगर चढायला जातो का? तो पडदे ओढून कूलरसमोर आडवा होतो आणि उन्हं कलली की बाहेर पडतो. तेच इथे करायचं. मे अखेरीला पारा शंभरीला (फॅरनहाइट हो!) टेकलेला असतो, त्यामुळे सकाळी लवकर बाहेर, बारा ते पाच रूम नाहीतर पूल, मग संध्याकाळ. गावाच्या पश्चिमेला सॅन हसिंटोचा डोंगर भिंतीसारखा उभा आहे, त्यामुळे सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी गावावर सावली येते आणि तरी आकाश लख्ख असतं, ती वेळ पाम कॅन्यन ड्राइव्ह या गावातल्या मुख्य रस्त्यावर नुसतं भटकायला मस्त.

शुक्रवारी ऑफिस सुटल्या सुटल्या निघू नका, ९१ फ्रीवेवर अडकून मुलगा "अजून किती" विचारून जीव खाईल. जेवून आठनंतर निघा. सॅन गोर्गोनिओच्या खिंडीत पवनचक्क्यांचे लाल दिवे अंधारात उघडझाप करताना दिसतील, आणि तिथे कुठे थांबलात तर गाडीचं दार घट्ट धरून उघडा, तिथला वारा खरंच दार हातातून ओढून नेतो.

शनिवारी सकाळी इंडियन कॅन्यन्स. ही जागा आग्वा कालिएन्ते काविया या मूळ रहिवाशांची, तिकीट तेच घेतात, नियमही त्यांचेच, म्हणजे कुत्रा नाही, ड्रोन नाही. अर्धं पाम स्प्रिंग्ज त्यांच्या जमिनीवर उभं आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. एकोणिसाव्या शतकात सरकारने इथल्या जमिनीचे चौरस मैलाचे तुकडे पाडून एक आड एक रेल्वेला दिले आणि उरलेल्यांतले बरेचसे यांच्या वाट्याला आले, बुद्धिबळाच्या पटासारखं, म्हणून आजही कितीतरी हॉटेलं-घरं त्यांच्याकडून लीजवर घेतलेल्या जमिनीवर आहेत. तिथे पाम कॅन्यनला जाऊ नका, खाली उतरायची वाट आहे आणि उतरलेलं सगळं परत चढावं लागतं. तुमच्यासाठी अँड्रियास कॅन्यन. साधारण मैलभराचा फेरा, बाजूला वाहता झरा, वर फॅन पामची सावली. कॅलिफोर्नियाचं स्वतःचं असं हे एकच पाम, बाकी सगळे बाहेरून आणलेले. त्याची वाळलेली पानं गळून पडत नाहीत, खोडाभोवती लोंबत राहतात, घागरा नेसल्यासारखी. सासूबाईंना पूर्ण फेरा नको असेल तर झऱ्याजवळ टेबलं आहेत, थर्मासमधला चहा काढून बसू दे.

दुपारच्या नियमाला एकच अपवाद, तो म्हणजे ट्रॅम. १९६३ साली सुरू झाली. खालचं स्टेशन २,६४३ फुटांवर, वरचं ८,५१६ वर, आणि हे अंतर दहाएक मिनिटांत. निवडुंगातून निघून पाइनच्या झाडांत उतरता, वर खालच्यापेक्षा तीसेक डिग्री फॅरनहाइट थंड असतं, म्हणून स्वेटर घेतल्याशिवाय जाऊ नका (खाली हातात स्वेटर घेऊन रांगेत उभं राहताना वेड्यासारखं वाटेल, वाटू दे). डब्याची जमीन हळूहळू गोल फिरते पण खिडक्या जागच्या जागी, त्यामुळे खिडकीशी दांडा धरून उभे राहिलात तर हात एकीकडे आणि पाय भलतीकडे. मधला खांब धरा. प्रत्येक टॉवरवरून जाताना डबा झुलतो आणि अख्खी पब्लिक "ऊऊऊ" करते. मुलाला तेवढ्यावरच पैसे वसूल. सासूबाईंसाठी एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा : वरच्या स्टेशनमागे जंगलात जायला एक काँक्रीटचा उतार आहे, जाताना काही वाटत नाही, परत येताना साडेआठ हजार फुटांवर माझी चांगलीच धाप लागली होती, आणि माझे गुडघे शाबूत आहेत. त्यांनी वरच बसावं, रेस्टॉरंट आहे, गच्चीवरून सगळी व्हॅली दिसते. तिकीट ऑनलाइन वेळ ठरवूनच काढा, लाँग वीकेंडला आयत्या वेळी गेलात तर रांगेतच संध्याकाळ होईल.

रविवारी जोशुआ ट्री, आणि इथे मी हट्टी आहे : पहाटे पाचला गाडी सुरू. वेस्ट एन्ट्रन्सला नऊनंतर गाड्यांची मारुतीच्या शेपटीएवढी रांग लागते. गाडीमागे ३० डॉलर, ते सात दिवस चालतात. आत पेट्रोल नाही, मोबाईलला सिग्नल नाही, मधल्या भागात प्यायला पाणीसुद्धा नाही, म्हणून टाकी फुल, मॅप डाउनलोड केलेला आणि डिकीत पाण्याचे कॅन. आधी हिडन व्हॅलीचा मैलाचा फेरा, तिथे मुलगा दगडांवर माकडासारखा चढेल. मग कीज व्ह्यू, गाडी जवळपास वरपर्यंत जाते, सासूबाई आरामात येतील, समोर सॅन आंद्रियास फॉल्टची, म्हणजे जमिनीतल्या भूकंपाच्या भेगेची, रेघ दिसते आणि लांबवर सॉल्टन सी चमकतो. झाला बघून सॉल्टन सी! १९०५ मध्ये कोलोरॅडो नदीचा कालवा फुटून तयार झालेलं तळं, गोष्ट भारी आहे, पण उन्हाळ्यात काठावर जो वास येतो तो घेऊन मुलाला परत गाडीत बसवायची माझी तरी तयारी नाही. जोशुआचं झाड आपल्या घायपाताचं नातलग निघतं हे सासऱ्यांना सांगा, त्यांना आवडेल.

मग मागे मुख्य रस्त्यावर येऊन पिंटो बेसिन रोडने दक्षिणेकडे उतरत चोया कॅक्टस गार्डन. हा निवडुंग लांबून मऊ टेडी बेअरसारखा दिसतो, आणि म्हणूनच डेंजर. माझ्या भाच्याने नुसता बूट घासला तर अख्खा काटेरी गोळा पिंढरीला चिकटला, मी शहाणपणा करून हाताने काढायला गेलो तर तो माझ्या बोटांना चिकटला. कंगवा लागतो, दात मधे घालून झटक्यात उडवायचा. पर्समध्ये एक मोठा कंगवा आणि चिमटा टाकाच.

दक्षिणेच्या गेटने बाहेर पडलात की आय-१० वरून इंडिओ. खजुराच्या बागा तिथे आहेत. मेजूल खजूर अमेरिकेत आला तो १९२७ साली मोरोक्कोहून आणलेल्या अकरा रोपांतून, आणि आजही परागीभवन माणूस शिडीवर चढून हाताने करतो. मे महिन्यात घड हिरवे असतात, तेव्हा झाडाकडे बघून निराश होऊ नका, डेट शेक प्या. घट्ट असतो, दोघांत एक घ्या. मग हॉटेल, पूल, झोप.

सोमवारी काही ठरवू नका. फार तर व्हिजिटर सेंटर, तो १९६५ चा पेट्रोल पंप होता, आर्किटेक्ट अल्बर्ट फ्रायचं डिझाइन, छप्पर आत्ता उडेल असं वाटतं. नटनट्यांची घरं गाडीतूनच बघा, लोक राहतात तिथे.

आणि हो, हॉटेलच्या पानावर "अॅडल्ट्स ओन्ली" लिहिलंय का ते आज बघा. पाम स्प्रिंग्जला अशी हॉटेलं बरीच आहेत, काहींच्या पूलवर तर कपडेही ऐच्छिक. सासऱ्यांना घेऊन जाताय, म्हणून सांगितलं.

प्रश्न : जुलैमध्ये पाम स्प्रिंग्जची हॉटेलं एकदम स्वस्त दिसतायत. आम्ही चार मित्र, हायकिंगला जावं का? — एक वाचक, सॅन डिएगो

उत्तर : हॉटेलात जा, हायकिंगला नको. ५ जुलै २०२४ ला तिथे १२४ फॅरनहाइट झालं होतं, स्वस्ताई त्याचीच आहे. चालायचंच असेल तर ट्रॅमने वर जाऊन चाला, आणि पाणी अर्धं संपलं की मागे फिरा, "अजून थोडंसंच राहिलंय" म्हणू नका.

प्रश्न : एप्रिलमधल्या शनिवारी साध्या मोटेलचे दर बघून डोळे फिरले, साइटचा घोळ आहे का? — एक वाचक, फ्रीमाँट

उत्तर : घोळ नाही, कोचेला म्युझिक फेस्टिव्हल आहे. इंडिओला दोन वीकेंड चालतो. तारखा बघून तेवढे दिवस टाळा.